रद्द झालेलं मत

सोमवार, ४ तारीख

ह्या घरात माझं मत कुणी विचारत नाही. आज एक बाई खास मत विचारायला म्हणून दारात आली, तर सुनेने तिला सांगितलं, आईंना ह्यातलं काही कळत नाही. मी समोर पलंगावर बसलेली. चौथीत शाळा सुटली माझी, कान सुटले नाहीत.

असो. नमस्कार, वहीबाई. नातीने तुला माझ्या हवाली केलंय. गेल्या वर्षीची डायरी, तिच्या कॉलेजात कुणी फुकट वाटलेली, आतून कोरी. छापलेले वार चुकीचे आहेत, ते खोडून मी वर खरा वार लिहिते. नात म्हणाली, आजी, तू दिवसभर जे बडबडतेस ते ह्यात लिही, म्हणजे घरात जरा शांतता. बघू कुणाला शांतता मिळते ते.

तर ती बाई. तिशीच्या आतली, गळ्यात फोटोचं कार्ड, हातात पाटीएवढी टॅब, पायातल्या चपला झिजून कागद झालेल्या. म्हणाली, आम्ही लोकांची मतं गोळा करतो. समाजात कसं चाललंय, सुरक्षित वाटतं का, पोलीस, कोर्ट, कायदा ह्यांच्यावर भरवसा आहे का. कोण पाठवतं तुम्हाला, असं मी पलंगावरूनच विचारलं. तिने संस्थेचं नाव सांगितलं. पुन्हा सांगायला लावलं तरी ते माझ्या डोक्यात राहिलं नाही. जे नाव डोक्यात राहत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे माझं मत. ते तिने टिपून घेतलं नाही.

मग तिने घरातल्या मोठ्या माणसांचे वाढदिवस विचारले. सुनेने भाबडेपणाने सगळं ओकून टाकलं. ज्याचा वाढदिवस सगळ्यात नुकताच झाला त्यालाच प्रश्न विचारायचे असा म्हणे त्यांचा नियम. म्हणजे माझा मुलगा. दुसरं कुणी चालणार नाही का, सुनेने विचारलं. नाही, तेच लागतील. दुपारी जेवायला घरी येतात ना, मग गुरुवारी दुपारी येते.

आता बघ. तळमजल्यावरचा रिटायर्ड मास्तर दारात खुर्ची टाकून बसला होता, मला विचारा, मला विचारा म्हणत. त्याला सोडलं. अख्ख्या गल्लीतून आमची इमारत, इमारतीतून आमचं दार आणि दारातून नेमका माझा मुलगा. आणि म्हणे नियम.

नेमका तोच का, ते लिहून ठेवते. त्याचं झेरॉक्सचं दुकान पोलीस चौकीच्या बरोब्बर समोर आहे. तक्रार द्यायला आलेला माणूस आधी त्याच्याकडे कागदाच्या प्रती काढतो आणि मग रस्ता ओलांडतो. दुकानाला लागून फुटपाथवर एक चावीवाला बसायचा. मागच्या महिन्यात त्याचं आणि एका हवालदाराचं काहीतरी वाजलं. हवालदाराने त्याला चौकीच्या दारापर्यंत फरफटत नेलं आणि तिथेच काठीने बडवलं. पाय मोडला. बोटांचा पार चेंदा झाला. आता चौकी म्हणते, पायऱ्यांवरून पडला. माझा मुलगा मशीनसमोर उभा होता, त्याने सगळं पाहिलं. पाहिलं बाकीच्यांनीही असेल, पण त्या सगळ्यांना नेमकं तेव्हाच दुसरीकडे बघायचं होतं. अठरा तारखेला त्याला कोर्टात साक्षीला बोलावलंय. जाणार की नाही, ह्यावर तो मूग गिळून बसलाय. सून रोज ऐकवते, आपलं दुकान चौकीसमोर आहे, चंद्रावर नाही.

आणि ह्याच दिवसांत एक बाई येऊन विचारते, पोलिसांवर भरवसा आहे का. कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ५ तारीख

नात म्हणते, आजी, उगाच संशय घेऊ नकोस, ह्याला सर्वेक्षण म्हणतात. ठरावीक घरं सोडून पुढचं दार, आणि घरातून चिठ्ठी टाकल्यासारखा एक माणूस. वाढदिवस म्हणजे ती चिठ्ठीच. कुणी मुद्दाम निवडू नये म्हणून असं करतात.

मी विचारलं, चिठ्ठ्या टाकताना तू तिथे होतीस का. 

बुधवार, ६ तारीख

सुनेचा भाऊ आला होता. पाण्याचे टँकर चालतात त्याचे, म्हणून नात त्याला टँकरशेठ म्हणते. मामाला असं म्हणू नये, पण तो स्वतःच हसतो. येताना सफरचंदं घेऊन आला, माझ्यासाठी वेगळी, मऊ, दातांना सोसतील अशी. पोटच्या पोराला हे सुचत नाही.

सून चहा ठेवायला गेली तेव्हा तो माझ्याशेजारी पलंगावर बसला आणि विचारलं, आई, तुम्हाला काय वाटतं, दाजी साक्षीला जातील का. तुम्हाला काय वाटतं, असं विचारलं बघ त्याने. मी सांगितलं, त्याचं अजून ठरत नाही. ताटावर बसतो आणि घास तोंडातल्या तोंडात फिरवत राहतो. टॅबवालीचंही सांगितलं. त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, आई, अशा बायकांपासून जपून राहा. चौकीतून कुणी सोडलेली असायची. माझी तिथे ऊठबस आहे, दिवसा मोठ्या गाड्यांना बंदी असते, तरी टँकर रस्त्यावर घालायचे तर ठेवावीच लागते, म्हणून सांगतो. घरात कोण आलं, दाजी काय म्हणाले, सगळं मला कळवत जा, मी सांभाळून घेईन.

चला, आपल्या बाजूचं एक तरी माणूस शहाणं निघालं.

गुरुवार, ७ तारीख

आज मी बाजी मारली.

टॅबवाली आली तेव्हा मुलगा आतल्या खोलीत जेवायला बसला होता. मी मधला पडदा ओढला आणि बाहेरच्या खुर्चीत ऐसपैस बसले. तिला सांगितलं, मुलगा बाहेरगावी कामाला असतो, आता महिनाभर येत नाही. तिचं तोंड उतरलं. मग मी म्हटलं, आणि वाढदिवस म्हणशील तर मागच्या शुक्रवारी माझाच होऊन गेला. सून विसरली. सुना विसरतातच. माझा खरा वाढदिवस कुणालाच ठाऊक नाही, मलाही नाही, मग खोटं पाडणार कोण. बाई जरा घुटमळली, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, बरं आजी, मग तुम्हीच बसा.

मी मनाशी पक्कं केलं होतं. हिला चौकीने पाठवलंय ना, मग चौकीला गोड लागेल तेच ऐकवायचं. ती प्रश्न वाचायची आणि पाच उत्तरं वाचायची, अजिबात नाही पासून पूर्णपणे पर्यंत. मी प्रत्येक वेळी शेवटचं उत्तर उचललं. अंधार पडल्यावर गल्लीत एकटीने फिरायला सुरक्षित वाटतं का. पूर्णपणे. गुडघ्यांमुळे मी दिवसाउजेडीही खाली उतरत नाही, ते तिला कशाला सांगू. पोलिसांवर भरवसा आहे का. पूर्णपणे. श्रीमंत आणि गरीब ह्यांना कायदा सारखाच वागवतो असं वाटतं का. इथे जीभ जरा अडखळली, तरी पूर्णपणे. कोर्टात न्याय मिळेल असं वाटतं का. पूर्णपणे. ती मध्येच म्हणाली, आजी, उत्तरं वाचून तर होऊ द्या.

मग एक वेगळाच प्रश्न आला. सरकारी माणसाला गैरवागणूक करताना कुणी पाहिलं, तर त्याने पुढे येऊन सांगावं का. शाळेत खरे बोलावे असं लिहिलं की मार्क मिळायचे, त्या चालीवर मी म्हटलं, सांगावं. तर बाई म्हणते, का? आणि इथे पाच उत्तरं नाहीत. जे मनात असेल ते बोला, मी शब्दन् शब्द लिहून घेते.

गप्प बसले असते तर संशय आला असता. म्हणून बोलले. म्हटलं, बाई, पाहिलेलं पोटात ठेवलं की ते कुजतं. माणूस ताटावर बसतो आणि उपाशीच उठतो. बायकोवर खेकसतो, पोरीवर खेकसतो, आरशात बघून दाढी करायचं टाळतो. त्यापेक्षा एकदाचं जाऊन सांगून यावं. पोलिसाच्या हातात काठी आपणच दिली ना, चोराला धाक बसावा म्हणून? गरिबाच्या हाडांवर चालवायला नाही दिली. आणि ते चार लोकांत बोलून दाखवणारा एकही निघाला नाही, तर उद्या ती काठी कुणाच्या दाराशी थांबेल, सांग.

कुठून सुचलं कोण जाणे. टॅबवाली भराभर बोटं चालवत होती. एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलंन, मग पुन्हा खाली.

ती गेल्यावर मुलगा पडद्याबाहेर आला. हात धुवायचाच राहिला होता. विचारलं, आई, हे तू मनापासून बोललीस?

बाई अजून जिन्यातच असणार, चपलांचा आवाज येत होता. म्हणून मी मोठ्याने म्हटलं, मग काय खोटं बोलते की काय मी?

माझ्या चष्म्याची सैल झालेली काडी गेले कित्येक दिवस तशीच होती, ती त्याने काढून घेतली, बारका पेचकस आणला आणि घट्ट करून दिली. सुनेने विचारलं, आज दुकान उघडायचं नाही का. म्हणाला, जातो, जातो.

शनिवार, ९ तारीख

घे, आता साहेबच आला. टॅबवालीच्या वरचा. इस्त्रीचा शर्ट, बारीक मिशी. बाईने घेतलेल्या मुलाखतींपैकी काही घरी जाऊन आम्ही पुन्हा तपासतो, म्हणाला. बाई खरंच आली होती का, किती वेळ बसली, उत्तरांचा कागद समोर धरला होता का, शेजारी कुणी सांगत होतं का. मी सगळं ठणकावून सांगितलं. उलट मीच विचारलं, स्वतःच्या माणसांवर तुमचा विश्वास नाही आणि आम्हाला मात्र विचारता, पोलिसांवर आहे का? हसला. हसणाऱ्या तपासनिसाचा मला जास्त संशय येतो.

मग त्याने माझ्या वयाच्या खात्रीसाठी सरकारी कार्ड मागितलं. त्यावर जन्म पहिल्या महिन्याची पहिली तारीख. कारकुनाने ज्यांना ज्यांना माहीत नव्हतं त्या सगळ्यांना तीच घातली, आमच्या वयाची अर्धी दुनिया एकाच दिवशी जन्मली. साहेब कार्डाकडे बघतो, टॅबकडे बघतो, आणि शांतपणे म्हणतो, मग मागच्या शुक्रवारी तुमचा वाढदिवस नव्हता. नियमाने तुमच्या मुलाला विचारायला हवं होतं. ही मुलाखत रद्द.

रद्द. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं मत लिहून घेतलं होतं.

टॅबवाली मागे दारात उभी होती, खाली बघत. तिचा तेवढा दिवस पाण्यात गेला असं तिने नातीला जिन्यात सांगितलं म्हणे. वाईट वाटलं, पण थोडंच. खरी असेल तर वाईट, सोडलेली असेल तर ठीकच झालं.

रविवार, १० तारीख

सगळे जेवायला बसले होते. मुलगा म्हणाला, मी अठराला जाणार आहे.

सुनेच्या हातातला डाव तसाच राहिला. मग ती माझ्याकडे वळली. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. आई, तुम्ही भरीस घातलंत ह्यांना. त्या बाईपुढे एवढं भाषण ठोकलंत, हे आत बसून ऐकत होते.

मी म्हटलं, अगं, ते मी तिला सांगितलं होतं, ह्याला कुठे.

मुलगा म्हणाला, शब्द तर तुझेच होते ना. आणि पोटभर जेवला. आज पहिल्यांदा त्याने घास फिरवला नाही, मागून घेतलं.

मी काय करून बसले. आता त्याला सांगू की सगळं चौकीला ऐकवायला होतं? तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. तो जेवत होता म्हणून.

सोमवार, ११ तारीख

टँकरशेठला बोलावून घेतलं. दुसरं कुणाकडे जाऊ? त्याला सगळं सांगितलं, पोरगा साक्षीला जातोय म्हणून. तो कपाळावर हात मारून म्हणाला, आई, असं काय बोललात तुम्ही त्या बाईला. मग बोलले ते सगळं म्हणून दाखवलं, काठीचं, दाराचं, सगळं. त्याने नीट ऐकलं. माझं इतकं नीट कुणी ऐकत नाही. म्हणाला, काळजी करू नका, मी बघतो काय ते.

रात्री झोप लागली.

बुधवार, १३ तारीख

दुकानाला सील.

सकाळी पालिकेची माणसं आली, म्हणाली बोर्ड फुटपाथवर पुढे आलाय. आजूबाजूचे सगळे बोर्ड पुढे आलेत, पान-बिडीवाल्याचा तर रस्त्यावर लोंबतोय. सील फक्त आमच्या शटरला. मशीन आत. कुणाकुणाचे कागद आत. मुलगा घरी येऊन खिडकीशी बसलाय आणि सून भिंतीशी बोलते आहे.

हे कुणी केलं ते मला ठाऊक आहे. मी त्या बाईपुढे तोंड सोडलं, तिने पोचवलं.

गुरुवार, १४ तारीख

नातीचा हात धरून जिना उतरले. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, मी त्यांना घातल्या. टॅबवाली पलीकडच्या इमारतीच्या पायरीवर बसून बिस्किटं खात होती. मी तिच्यापुढे काठी आपटली. म्हटलं, बाई, तुला काय मिळालं? माझ्या पोराचं दुकान बंद करून तुझ्या साहेबाला काय मिळालं?

ती गोंधळली. बिस्किट हातातच. म्हणाली, "आजी, कसलं दुकान? तुम्हीच तर म्हणालात, मुलगा बाहेरगावी कामाला असतो."

मी म्हटलं, नाटकं करू नकोस.

तिने टॅब उघडून दाखवली. नावं नाहीत कुणाचीच, नुसते आकडे. आमच्या आकड्यापुढे लाल फुली. म्हणाली, आजी, तुमचं लिहिलेलं साहेबांनी रद्द केलं त्याच दिवशी पुसलं गेलं, ते वर गेलंच नाही. मला वाईट वाटलं होतं, म्हणून तेवढं उत्तर मी माझ्यापुरतं लक्षात ठेवलंय. मग तिने पुड्यातलं एक बिस्किट माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही.

जिना चढताना नात म्हणाली, तिला दुकानाचं माहीत नव्हतं, आजी. मग कुणाला माहीत होतं?

मी म्हटलं, हात नीट धर, मी पडेन.

शुक्रवार, १५ तारीख

टँकरशेठ आला. सफरचंदं घेऊन. मुलगा घरात नव्हता, चावीवाल्याच्या वकील बाईंकडे गेला होता. ह्याला ते ठाऊक असणार, कारण बसल्या बसल्या सुनेशी थेट बोलायला लागला. सगळं मिटतंय, म्हणाला. बोर्डाचं काय, एका फोनवर सील निघेल. दाजींनी फक्त एवढंच म्हणायचं की मशीनमध्ये कागद अडकला होता, मी वाकून तो काढत होतो, बाहेर काय झालं ते दिसलं नाही. खोटं काय त्यात, कागद अडकतोच की रोज. वाक्य तयार करून आणलं होतं, वाकण्यासकट.

सून ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान हलत होती, हो म्हणून.

मी पलंगावर. मला हसवावं असं त्याच्या मनात आलं असणार, तिथे तो चुकला. म्हणाला, "आणि आई, तुमचं ते काठीचं भाषण. उद्या काठी कुणाच्या दाराशी थांबेल म्हणे! चौकीत पोट धरून हसले सगळे."

मी विचारलं, "चौकीत कुणी सांगितलं?"

त्याने चहाचा घोट घेतला. म्हणाला, अहो, असंच, बोलता बोलता निघालं.

तीच ती ऊठबस. मी काठी टेकत उठले, त्याच्यापाशी गेले आणि हातातली कपबशी काढून घेतली. कप अर्धा भरलेला होता. सून म्हणाली, आई, हे काय. मी म्हटलं, गार झालाय. आणि मोरीत ओतला.

तो गेल्यावर सुनेला सगळं सांगितलं. ती मानायला तयार नाही. भाऊ आहे माझा, म्हणते, आमच्या भल्यासाठीच करतोय. असेलही. त्याचे टँकर दिवसा चालले पाहिजेत, त्यात आमचंही भलं होत असेल तर त्याची हरकत नसणार.

सफरचंदं नातीने खाल्ली. फळाचा काय दोष, म्हणाली. मी नाही खाल्लं.

रविवार, १७ तारीख

मुलाला मनातलं खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. की टॅबवालीपुढे मी जे बोलले ते भीतीने बोलले. समोर जाऊन बसले. तो शर्टाला इस्त्री करत होता, उद्यासाठी. बराच वेळ बसले आणि म्हटलं, कॉलरवर अजून एकदा फिरव.

काय खरं होतं आणि काय खोटं, माझं मलाच आता सांगता यायचं नाही.

सोमवार, १८ तारीख

मीही गेले. सून नको म्हणत होती, तरी शेवटी तीच रिक्षा घेऊन आली.

कोर्ट म्हणजे लांबच लांब वऱ्हांडा आणि त्यात माणसं, फाइली आणि उघड्याच राहिलेल्या नळाचा आवाज. बाकावर चावीवाला बसला होता, प्लास्टरचा पाय पुढे ताणून. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत. त्याची बायको बाटली त्याच्या तोंडाला लावून पाणी पाजत होती आणि तो तोंड फिरवून घेत होता, लोक बघतात म्हणून. मी ओळख दाखवली नाही. आमच्या मुलाने जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पलीकडे खांबाशी हवालदार, साध्या कपड्यांत, घरी इस्त्री केलेल्या. शेजारी टँकरशेठ. त्याने माझ्याकडे बघून अर्धी मान हलवली, ओळख द्यावी की देऊ नये अशा बेताने. मी पूर्ण बघितलं त्याच्याकडे. त्यानेच नजर काढली.

आत बाईच न्यायाधीश. मुलाला उभं केलं. काय पाहिलं ते सांगा, म्हणाल्या. मला वाटलं होतं तो मोठं काहीतरी बोलेल. तसं काही नाही. मशीनसमोर उभा होतो, म्हणाला. दार उघडं होतं. ह्यांनी ह्याला ओढत नेलं. काठीने मारलं. तो खाली पडल्यावरही मारलं. दोन्ही हात चौकटीवर होते, तिथे मारलं. पायऱ्यांवरून पडला नाही, मी पायऱ्यांकडेच बघत होतो. एवढंच. मध्ये कुठे थांबला नाही. कागद अडकला नव्हता.

हवालदाराच्या वकिलाला उलट प्रश्न विचारायला वेळ हवा होता. पुढची तारीख मिळाली. म्हणजे आज काहीच संपलं नाही.

बाहेर आल्यावर सुनेने त्याचा घाम पुसला, पदराने, सगळ्यांसमोर. मग लाजली आणि म्हणाली, रिक्षा शोधा की.

बुधवार, २० तारीख

दुकान अजून बंद. चावीवाल्याची बायको काल येऊन गेली, जिन्यातूनच. वर आली नाही. तिच्यावर घरातून दबाव आहे म्हणे, मिटवून टाका म्हणून.

आज टॅबवाली आली. मुलगा इथेच आहे हे त्या दिवशी मीच ओरडून सांगितलं होतं, नियमाचा माणूस सापडला ना. म्हणाली, मुलाखत होईपर्यंत खोलीत दुसरं कुणी थांबायचं नाही. मला हाकललं म्हणायचं. मी स्वयंपाकघरात गेले, सुनेलाही ओढून घेतलं. भिंत पातळ आहे, त्याला मी काय करू. आणि ती बाई मला अजून पूर्ण पटलेली नाही, तेव्हा कान असलेले बरे.

गल्लीत सुरक्षित वाटतं का. नाही, म्हणाला. पोलिसांवर भरवसा. अजिबात नाही. कायदा सगळ्यांना सारखाच वागवतो का. अजिबात नाही. कोर्टात न्याय मिळेल का. वाटत नाही.

परवा ह्याच कोर्टात जाऊन तासभर उभा राहिला की हा.

मग तो प्रश्न. पाहिलं तर सांगावं का. हो. का? सुनेने माझा दंड घट्ट धरला होता. मग टॅबवाली हळूच म्हणाली, "काय लिहू?"

तो म्हणाला, "पाहिलं होतं म्हणून. एवढंच लिहा."

ती गेली. मी बाहेर येऊन त्याला काही विचारणार होते, की भरवसा नाही तर गेलास कशाला. तो पायमोजे शोधत होता, सील काढायचा अर्ज द्यायला जायचं म्हणून. विचारलं नाही.

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. टँकरशेठ. आमच्या घरात टॅबवाली येऊन गेली हेही त्याला एवढ्यात कळलं, कुणाकडून ते आता मी शोधत बसणार नाही. काय विचारलं तिने, दाजी काय म्हणाले, पुढच्या तारखेला काय बोलणार आहेत, दमाने घ्या म्हणावं त्यांना, असं बरंच. सून फोन कानाला लावून माझ्याकडे बघत राहिली. बोलली नाही, बंदही केला नाही. वाट बघत होती.

मी तिला सांगितलं, आणि नातीलाही आतून बाहेर बोलावून सांगितलं, आणि फोनमधल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. त्या दिवसाबद्दल ह्या घरात कुणालाही काहीही विचारायचं असेल, भाऊ असो, हवालदार असो, टॅबवाली असो, तर सुनेने बोलायचं नाही, पोरीने बोलायचं नाही. मीसुद्धा नाही. ज्याने पाहिलंय त्याला विचारा. उत्तर तोच देईल.